रिपोर्ट नॉर्मल, तरी गोंगाटात शब्द का निसटतात?

(आजच्या भागाचं हे लेखी रूप. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे इथे देतोय. बोलण्याच्या ओघातली भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)

हेडफोन लावून ऐकत असाल तर आधी आवाज थोडा कमी करा. का, ते पुढे सांगते.

आज एका प्रश्नापासून सुरुवात करू. मिसळीच्या हॉटेलात तुम्ही सहाजण बसला आहात. रविवारची गर्दी, ताटल्यांचा खणखणाट, शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी काहीतरी बोलतं, सगळे हसतात आणि तुम्हीही हसता. पण नक्की कशावर हसलात, ते तुम्हाला माहीत नसतं. आवाज आला होता. तो कुणाचा, तेही कळलं होतं. फक्त शब्द हाती लागले नाहीत.

असं कधीतरी सगळ्यांचंच होतं. पण काहींचं रोज होतं. मी त्यातली एक. वय २७, पुण्यात नोकरी, कानाचा कुठलाही आजार नाही. शांत खोलीत मला पंख्याची कुरकुरसुद्धा ऐकू येते. पण आई ओट्यापाशी पाठमोरी उभी असेल, मिक्सर चालू असेल आणि ती काही बोलली, तर मला फक्त आवाजाचा एक पट्टा ऐकू येतो. मग तिचं ठरलेलं वाक्य, "अगं, कानात बोळे घातलेस का?"

घरातलं घरात चालून जातं. ऑफिसात नाही चालत. आमचं ऑफिस म्हणजे एक मोठा हॉल. चाळीस माणसं, अर्धी कॉलवर. सकाळची मीटिंग तिथेच उभ्याउभ्या होते. गेल्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये माझ्या मॅनेजरने लिहिलं, "मीटिंगमध्ये लक्ष वाढवण्याची गरज." आणि एका क्लायंटच्या कॉलमधून माझं नाव काढलं गेलं. कारण तोंडी सांगितलं, "तुझं इंग्लिश थोडं कच्चं वाटतं त्यांना." इंग्लिश तेच होतं. मेलवर त्याच क्लायंटशी मी वर्षभर बोलत होते.

तेव्हा मी कान तपासायला गेले.

बंद खोलीतली टेस्ट

ज्यांनी ही टेस्ट केलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. एका छोट्या, आवाज आत येणार नाही अशा खोलीत बसवतात. हेडफोन लावतात, हातात एक बटण देतात. अगदी बारीक बीप वाजते, ऐकू आली की बटण दाबायचं. २५० हर्ट्झच्या जाड्या आवाजापासून ८००० हर्ट्झच्या बारीक आवाजापर्यंत एकेक कान तपासतात. प्रत्येक सुरासाठी, तुम्हाला कमीत कमी किती डेसिबलचा आवाज ऐकू येतो, त्याचा आलेख काढतात. तो ऑडिओग्राम. साधारण २० ते २५ डेसिबलच्या आत सगळे ठिपके आले की रिपोर्टवर 'नॉर्मल' लिहिलं जातं.

माझे सगळे ठिपके आत होते. डॉक्टर हसून म्हणाले, "कान एकदम छान आहेत. जरा लक्ष देऊन ऐकत जा."

म्हणजे आई जे म्हणत होती, मॅनेजर जे म्हणत होता, तेच आता छापील कागदावर आल्यासारखं झालं. 'नॉर्मल' हा शब्द वाचून माणसाला बरं वाटायला हवं ना? मला उलट वाटलं की आता तक्रार करायचीही सोय राहिली नाही.

एक स्पष्ट करते. ही टेस्ट चांगली आहे. कानाला इजा झाली आहे का, कुठल्या सुरात झाली आहे, मशीन लागेल का, हे कळण्यासाठी तीच पहिली पायरी. तिला वगळू नका. पण ती एकच प्रश्न विचारते, शांततेत बारीकात बारीक बीप ऐकू येते का? हॉटेलात, वर्गात, लोकलमध्ये आपल्याला विचारला जाणारा प्रश्न वेगळा असतो. दहा आवाजांतून एकाचं बोलणं वेगळं काढून समजून घेता येतं का? पहिल्याचं उत्तर 'हो' आणि दुसऱ्याचं 'नाही' असू शकतं. आजच्या भागात मला एवढंच सांगायचं आहे, बाकी सगळा त्याचा तपशील.

गर्दीतून एक आवाज उचलायचा कसा?

१९५३ साली कॉलिन चेरी नावाच्या संशोधकाने हा प्रश्न नीट मांडला. पार्टीत एवढे लोक एकाच वेळी बोलत असताना आपण एकाचंच बोलणं कसं ऐकतो? त्याने लोकांच्या दोन कानांत दोन वेगळी बोलणी ऐकवली आणि एका कानातलं बोलणं मोठ्याने म्हणत राहायला सांगितलं. लोकांना ते जमलं. पण दुसऱ्या कानात काय चाललं होतं, याचं उत्तर त्यांना देता येईना. तिथलं बोलणं मध्येच इंग्रजीतून जर्मनवर गेलं तरी ते धड लक्षात आलं नव्हतं. म्हणजे निवडणं हे काम फार मोठं आहे आणि ते मेंदूत होतं.

त्यासाठी मेंदूला कानाकडून अगदी नेमकी माहिती लागते. उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाला जरा उशिरा पोचतो. हा उशीर किती? सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. एवढ्या फरकावरून मेंदू ठरवतो की हा आवाज इथला, तो तिथला. शिवाय गोंगाट सलग एकसारखा नसतो, त्यात मध्येच बारीक फटी पडतात. त्या फटींतून शब्दांचे तुकडे टिपायचे आणि उरलेलं भाषेच्या ज्ञानावर भरून काढायचं. तुम्ही हे आत्ताही करताय, फक्त जाणवत नाही.

आता मराठीतली गंमत बघा. 'सात', 'साठ' आणि 'आठ'. तिन्हीत 'आ' सारखाच आणि तोच सगळ्यात दणदणीत. फरक आहे तो व्यंजनांत. 'स'ची सळसळ उंच सुरांतली आणि नाजूक, 'त' आणि 'ठ' तर क्षणभराचे. गोंगाट आधी व्यंजनं खातो, स्वर शिल्लक ठेवतो. म्हणून भाजीवाल्याने 'साठ' म्हटलं की आपल्याला 'आ' ऐकू येतो आणि बाकी अंदाज! सदुसष्ट की अडुसष्ट, हा तर टोकन नंबर पुकारणाऱ्या प्रत्येक ठिकाणचा प्रश्न आहे. आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाही, अशी जी तक्रार लोक करतात, ती अगदी शब्दशः खरी असते.

मग काहींचंच का बिघडतं?

याची कारणं एकापेक्षा जास्त आहेत.

सगळ्यात चर्चेतलं कारण २००९ साली पुढे आलं. बॉस्टनमध्ये शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. उंदरांची श्रवणशक्ती काही काळ घटली आणि काही आठवड्यांत पूर्ववत झाली. नेहमीच्या पद्धतीने मोजलं तर सगळं ठीक. पण कानाच्या आत बघितल्यावर दिसलं की केसपेशी शाबूत आहेत, पण त्या पेशी आणि श्रवणाची नस यांना जोडणारे सांधे, म्हणजे सिनॅप्स, काही भागांत जवळजवळ निम्मे गेले होते आणि ते परत आले नाहीत.

साध्या भाषेत सांगायचं तर माइक चांगला आहे, पण वायरीतल्या बऱ्याच तारा तुटल्यात. एक बारीक बीप पोचवायला थोड्या ताराही पुरतात. गर्दीतलं बोलणं पोचवायला पुष्कळ लागतात. याला पुढे 'छुपा श्रवणदोष' असं नाव पडलं. आता सावध राहून सांगते. हे उंदरांमध्ये पक्कं दिसलंय. माणसांमध्ये, मृत्यूनंतर तपासलेल्या कानांत वयानुसार असे सांधे कमी झालेले आढळलेत. पण जिवंत माणसाच्या कानात ते किती उरलेत, हे खात्रीने मोजणारी टेस्ट दवाखान्यात अजून आलेली नाही. तरुणांवरच्या अभ्यासांचे निष्कर्षही एकमेकांशी जुळत नाहीत. त्यामुळे कुणी तुम्हाला पहिल्याच भेटीत 'तुम्हाला हेच झालंय' म्हणालं, तर जरा थांबा.

दुसरं कारण, टेस्ट ८००० हर्ट्झला थांबते. तरुण कान त्याच्या बराच वर, १६,००० आणि त्यापुढेही ऐकतो. त्या वरच्या पट्ट्यात झालेली घट नेहमीच्या ऑडिओग्राममध्ये दिसतच नाही. तिचा गोंगाटातल्या समजण्याशी संबंध असल्याचं काही संशोधनांत दिसतं.

तिसरं, ऑडिटरी न्यूरोपथी. यात कान आवाज पकडतो, पण नस तो वेळेवर, नीट पोचवत नाही. कमी लोकांना होतं, पण तपासून घ्यायलाच हवं.

चौथं, कान आणि नस ठीक, पण मेंदूला आवाजांची निवड जड जाते. लहानपणी वारंवार कान फुटले असतील किंवा डोक्याला मार लागला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आणि पाचवं, आपल्यापैकी अनेकांचं, भाषा. जी भाषा आपण नंतर शिकलो, ती शांततेत उत्तम कळते, गोंगाटात मात्र मातृभाषेच्या मानाने लवकर निसटते. कारण तुकड्यांवरून शब्द भरून काढण्याचा साठा तिथे लहान असतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींना कॉलेजच्या पहिल्या वर्षी 'लेक्चर डोक्यावरून जातं' असं वाटतं, त्यात विषयाइतकाच पंखे, घुमणारा वर्ग आणि शेवटचा बाक यांचा हात असू शकतो. झोप कमी, चिंता, लक्ष टिकण्याची अडचण, हेही त्यात भर घालतं.

दमणं

एक गोष्ट कुणी फारशी बोलत नाही. हे सगळं करायला प्रचंड मेहनत लागते. तुम्ही लग्नाला गेलात, काही काम केलं नाही, नुसतं बसलात, तरी घरी आल्यावर अंग मोडून आल्यासारखं वाटतं. कारण चार तास तुम्ही गाळलेल्या जागा भरत होता.

मग माणूस हळूहळू मागे सरतो. ग्रुपमध्ये न बोलता बसतो. तिसऱ्यांदा 'काय?' विचारायची लाज वाटते म्हणून नुसती मान हलवतो. भेटायला बोलावलं की 'आज जमणार नाही' म्हणतो. बाहेरून दिसतं ते असं, ही शिष्ट झाली, हा घुमा आहे, हिचं लक्ष नसतं. ऐकण्याची अडचण स्वभावाच्या खात्यात लिहिली जाते. आणि पगाराच्याही.

मी पुढे काय केलं

मी दुसऱ्या ठिकाणी, एका ऑडिओलॉजिस्टकडे गेले. या वेळी तक्रार नीट शब्दांत सांगितली. "मला कमी ऐकू येत नाही. गोंगाटात बोलणं कळत नाही. त्याची टेस्ट करता येईल का?" हे वाक्य पाठ करून ठेवा. फार उपयोगी आहे.

त्यांनी आधी कानात मळ किंवा पाणी नाही ना ते बघितलं, पडद्याची तपासणी केली. मग ओएई, ज्यात कानातल्या बाहेरच्या केसपेशींचं काम कळतं. मग बेरा, ज्यात डोक्याला इलेक्ट्रोड लावून नसेतून संदेश वेळेवर जातोय का ते दिसतं. ऑडिटरी न्यूरोपथी याच दोन टेस्टच्या जोडीतून पकडली जाते, त्यात ओएई ठीक येते आणि बेरा बिघडलेली. माझ्या दोन्ही ठीक होत्या. शेवटी गोंगाटातल्या बोलण्याची टेस्ट. वाक्यं ऐकवतात, मागे माणसांचा गलका आणि दर वेळी बोलणं आणि गलका यांच्यातलं अंतर कमी करत नेतात. तिथे माझा स्कोअर माझ्या वयाच्या लोकांपेक्षा बराच खाली आला.

त्या म्हणाल्या, "तुमची तक्रार खरी आहे. ती इथे आकड्यात दिसतेय." नेमकं कारण त्यांनाही छातीठोकपणे सांगता आलं नाही, तसं त्यांनी स्पष्टच सांगितलं. पण तो एक कागद घेऊन मी बाहेर आले तेव्हा रिक्षात बसून रडले, आनंदाने. कारण आता मला घरी आणि ऑफिसात काहीतरी दाखवता येणार होतं.

अशी टेस्ट सगळीकडे होत नाही, फोन करून आधी विचारा. ज्या भाषेवर तुमची पक्की पकड आहे, त्या भाषेत टेस्ट होईल का, हेही विचारा. मुंबईत वांद्र्याला १९८३ साली सुरू झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, वाचा आणि श्रवण हाच त्यांचा विषय. फोनवर प्राथमिक अंदाज हवा असेल तर जागतिक आरोग्य संघटनेचं 'हिअर-डब्ल्यूएचओ' हे मोफत ॲप २०१९ पासून आहे. खरखराटात तीन आकडे ऐकवतात, ते आपण दाबायचे. ते निदान नाही, फक्त पुढे जायचं की नाही ते कळतं.

आणि एक तातडीची गोष्ट. एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येणं कमी झालं, तर वाट बघू नका. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. तिथे उशीर महागात पडतो.

रोजच्यासाठी

जादूची गोळी नाही. पण गोंगाट आणि बोलणं यांच्यातलं अंतर जरा वाढलं तरी खूप फरक पडतो.

जवळ जा. बोलणाऱ्यापासूनचं अंतर निम्मं केलंत की मोकळ्या जागेत त्याचा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, तेही फुकट. हॉटेलात भिंतीला पाठ करून कोपऱ्यात बसा, म्हणजे मागून येणारा गलका कमी होतो. फरशी, काच आणि स्टील एवढंच असलेली जागा घुमते, पडदे आणि गाद्या असलेली जागा आवाज पिते. गर्दीच्या अर्धा तास आधी पोचा. गोंगाट वाढला की प्रत्येकजण नकळत आवाज चढवतो आणि त्याने गोंगाट आणखी वाढतो. एटिएन लोम्बार या फ्रेंच डॉक्टरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे नोंदवलं होतं.

चेहरा बघा. ओठांची हालचाल दिसली की शब्द जास्त कळतात, हे सगळ्यांनाच लागू आहे. मास्कच्या काळात अनेकांना आपण ओठ किती वाचतो ते पहिल्यांदा कळलं.

फोन वापरा. आयफोनवर लाइव्ह लिसन चालू करून फोन बोलणाऱ्यापाशी ठेवला की त्याचा आवाज तुमच्या इअरबडमध्ये येतो. अँड्रॉइडवर लाइव्ह ट्रान्सक्राइब बोलणं अक्षरांत दाखवतं, मराठीतसुद्धा. काहींना ऑडिओलॉजिस्ट सौम्य मशीन किंवा दूरचा माइक सुचवतात, ते त्यांच्या सल्ल्यानेच.

आणि 'काय?' ऐवजी नेमकं विचारा. "गुरुवार कळला, वेळ किती म्हणालास?" समोरच्याला कळतं की तुम्ही ऐकत होता.

ऑफिसात मी दोनच गोष्टी मागितल्या. सकाळची मीटिंग दार असलेल्या खोलीत घ्यायची आणि ठरलेली कामं नंतर ग्रुपवर लिहायची. मॅनेजर रिपोर्ट बघून जरा गप्प झाला, मग म्हणाला, "हे आधी का नाही सांगितलंस?" आता सगळेच त्या खोलीत बसतात. लिहिलेल्या यादीचा फायदा माझ्याइतकाच इतरांनाही होतोय. क्लायंटच्या कॉलचं अजून काही झालेलं नाही. मी पुन्हा विचारणार आहे.

आणि तुमचा मित्र किंवा बहीण अशी असेल, तर ओरडू नका. आधी नाव घ्या, तोंड तिच्याकडे करा, जरा सावकाश बोला. न कळल्यास तेच वाक्य तीनदा म्हणण्यापेक्षा वेगळ्या शब्दांत सांगा. आणि 'जाऊ दे, काही नाही' एवढं मात्र म्हणू नका. ते फार लागतं.

आता आवाज का कमी करायचा

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा, की ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास चालतील. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८९ ला ५ तास, १०१ ला जेमतेम १९ मिनिटं, तीसुद्धा आठवड्याची. पुण्यात विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर सीओईपीचे विद्यार्थी दरवर्षी आवाज मोजतात, काही वर्षी सरासरीच १०० च्या वर गेली आहे. ढोल-ताशा पथकात असाल तर वाजवा, जरूर वाजवा, पण सरावालासुद्धा इअरप्लग घाला. कापसाने काही होत नाही. बसमध्ये, लोकलमध्ये गोंगाटावर मात करायला आपण आवाज वाढवतो, तिथे नॉइज कॅन्सलिंग कामाला येतं, म्हणजे कमी आवाजातही ऐकू येतं.

तर मंडळी, तुमच्या ओळखीत कुणी सतत 'काय? काय?' करत असेल किंवा हल्ली ग्रुपमध्ये यायचं टाळत असेल, तर हा भाग त्याला पाठवा. ऐकायला नको असेल तर हे लेखी रूप पाठवा. तुमचे अनुभव आम्हाला लिहून कळवा, मी सगळे वाचते. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, कानांचीही!